आधी घोषणा, मागाहून नियम

पितृपक्ष संपत आला होता आणि घटस्थापना अवघ्या दोन दिवसांवर येऊन ठेपली होती. शनिवार, २० सप्टेंबर २०२५ च्या पहाटे अमेरिकेतून बातमी आली, की एच-१बी व्हिसावरील कर्मचाऱ्यामागे कंपनीला यापुढे एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये भरावे लागतील. आदेशाचा अंमल भारतीय वेळेनुसार रविवारी सकाळी साडेनऊपासून सुरू होणार होता. सुट्टीवर पुण्या-मुंबईत आलेल्या संगणक अभियंत्यांपुढे त्या दिवशी एकच प्रश्न उभा राहिला : मिळेल त्या विमानाने परत निघायचे, की थांबायचे? मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन, जेपी मॉर्गन यांसारख्या कंपन्यांनी देशाबाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना मुदतीपूर्वी परतण्याचा आणि अमेरिकेत असलेल्यांना तेथून न हलण्याचा सल्ला दिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर तर काही भारतीय प्रवासी विमानात बसल्यानंतर पुन्हा खाली उतरले.

दुसऱ्याच दिवशी चित्र पालटले. हे शुल्क दरवर्षी आकारले जाईल, असे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी शुक्रवारी सांगितले होते. ते एकदाच भरावयाचे असून केवळ नव्या अर्जांना लागू आहे, सध्याच्या व्हिसाधारकांशी वा नूतनीकरणाशी त्याचा संबंध नाही, असा खुलासा व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या कॅरोलिन लेविट यांनी शनिवारी केला. तोवर तिकिटांवर पैसे खर्च झाले होते, सुट्ट्या अर्धवट राहिल्या होत्या आणि कुटुंबांची ताटातूट व्हायची ती झाली होती. या आदेशाचे मानवी परिणाम होतील, याकडे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयालाही लक्ष वेधावे लागले.

हा प्रसंग एकटा असता, तर प्रशासकीय गोंधळ म्हणून त्याची नोंद घेऊन पुढे जाता आले असते. मात्र त्याच आठवड्यात अमेरिकेत आणखी दोन गोष्टी घडल्या. बुधवारी, १७ सप्टेंबरला, एका सरकारी नियामकाच्या इशाऱ्यानंतर काही तासांतच एका मोठ्या दूरचित्रवाणी वाहिनीने आपला विनोदी कार्यक्रम बंद ठेवला. सोमवारी, २२ सप्टेंबरला, गर्भवतींनी पॅरासिटामॉल घेऊ नये, त्याचा संबंध स्वमग्नतेशी आहे, असे खुद्द अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जाहीर केले. व्हिसा, आजार आणि अभिव्यक्ती हे तीन विषय एकमेकांपासून दूरचे आहेत. त्यांवरचे वाद मात्र एकाच रीतीने पेटले. आधी घोषणा झाली, त्यानंतर नियम आले आणि पुराव्याचा शोध सर्वांत शेवटी सुरू झाला. या उलट्या क्रमाची किंमत कोणी मोजली, हा या तिन्ही वादांतील खरा प्रश्न आहे.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

एच-१बी हा व्हिसा अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्यातून आला. विशेष कौशल्याच्या कामासाठी देशात माणूस मिळत नसेल, तर तो बाहेरून तात्पुरता आणता यावा, हा त्यामागील हेतू. दरवर्षी असे ६५ हजार आणि अमेरिकी विद्यापीठांतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार नवे व्हिसा देता येतात. अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. २०२६ या आर्थिक वर्षासाठी सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या झाल्या होत्या. त्यामुळे निवड सोडतीने होते. मंजूर होणाऱ्या अर्जांत भारतीयांचा वाटा सुमारे ७१ टक्के आहे. हिंजवडीतील एखादा निर्णय न्यू जर्सीत आणि वॉशिंग्टनमधला आदेश कोथरूडच्या सोसायटीत तातडीने पोहोचतो, तो याच कारणाने.

या व्यवस्थेविरुद्धची तक्रार खोटी आहे, असे म्हणता येणार नाही. सोडतीत गुणवत्तेला स्थान नव्हते. बाहेरून माणसे पुरविणाऱ्या कंपन्या कमी वेतनश्रेणीत अर्ज भरतात आणि त्यामुळे स्थानिक अभियंत्यांचे पगार दबतात, असे तेथील कामगारविषयक अभ्यासक अनेक वर्षे सांगत आहेत. नोकरी सुटली, की जेमतेम ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते. ग्रीन कार्डच्या रांगेतील भारतीयांना तर वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागते. असा कर्मचारी मालकाशी भांडू शकत नाही. संगणकशास्त्राच्या नव्या पदवीधरांमधील बेकारी ६ टक्क्यांवर गेल्याचा दाखला ट्रम्प यांच्या आदेशातच दिलेला आहे. ज्या मतदारांच्या बळावर ते निवडून आले, त्यांच्यात या व्हिसाविषयी किती राग आहे, हे डिसेंबर २०२४ मध्येच दिसले होते. त्या वेळी इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी यांनी या व्हिसाची बाजू घेताच त्यांच्याच गोटातून त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती.

तथापि, रोग आणि औषध यांचा मेळ बसला नाही. एक लाख डॉलरचे शुल्क अ‍ॅमेझॉनसारखी धनाढ्य कंपनी पेलू शकते. ग्रामीण भागातील रुग्णालय, नवे विद्यापीठ किंवा दहा माणसांची कंपनी ते पेलू शकत नाही. अमेरिकेच्या दुर्गम भागांत परदेशी डॉक्टरांवाचून दवाखाने चालत नाहीत, म्हणून तेथील वैद्यक संघटनांनी लगेचच सवलत मागितली. राष्ट्रहिताच्या कारणावरून एखाद्या व्यक्तीला, कंपनीला किंवा संपूर्ण उद्योगाला सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला; पण ती कोणत्या निकषावर मिळणार, हे आदेशात नव्हते. अमेरिकेतच शिकून तेथेच नोकरी धरणाऱ्या विद्यार्थ्यांना हे शुल्क लागू नाही, हा कळीचा खुलासा यायला २० ऑक्टोबर उजाडला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. एक महिनाभर लाखो विद्यार्थी आणि त्यांच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले पालक अंधारात होते.

वाद न्यायालयांत गेला. परदेशी नागरिकांचा प्रवेश रोखण्याचा अधिकार अध्यक्षांना कायद्याने दिला आहे, पण कर बसविण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे. मग हे शुल्क नेमके काय? यू. एस. चेंबर ऑफ कॉमर्सने केलेल्या दाव्यात वॉशिंग्टनमधील न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी २३ डिसेंबर २०२५ रोजी सरकारच्या बाजूने कौल दिला. त्याआधीच कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांनी वेगळा दावा दाखल केला होता.

याच काळात सरकारने दुसरा एक बदल केला आणि तो बोलका आहे. सोडतीत अधिक वेतनाच्या अर्जाला अधिक संधी देणारा प्रस्ताव सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हरकती मागविण्यात आल्या, डिसेंबरमध्ये अंतिम नियम आला आणि २७ फेब्रुवारी २०२६ ही त्याच्या अंमलबजावणीची तारीख ठरली. हा नियम भारतीय कंपन्यांना सोयीचा नाही. नवख्या अभियंत्यांना तर तो जाचकच आहे. पण तो वाचता आला, त्यावर बोलता आले आणि त्याप्रमाणे तयारी करता आली. कठोर धोरण आणि बेभरवशाचे धोरण यांतील फरक तो हाच. कठोरपणाशी माणूस जुळवून घेतो, अनिश्चिततेशी त्याला जुळवून घेता येत नाही.

आईच्या माथी दोष

दुसरा वाद व्हिसापेक्षा नाजूक आहे, कारण तो आई आणि मूल यांच्या नात्यापर्यंत जातो. स्वमग्नतेचे निदान अमेरिकेत झपाट्याने वाढले आहे. तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या मोजणीनुसार २००० मध्ये आठ वर्षांच्या दीडशे मुलांमागे एकाला ही अवस्था होती. २०२२ च्या मोजणीत हे प्रमाण ३१ मुलांमागे एक असे आढळले. या वाढीतील मोठा भाग निदानाच्या बदललेल्या व्याख्येमुळे आणि वाढलेल्या जागरूकतेमुळे आहे, असे तज्ज्ञ सांगतात. पूर्वी ज्या मुलाला 'मंद' किंवा 'हट्टी' म्हटले जाई, त्याला आता योग्य नाव मिळते. पण व्याख्येतील बदल हे काही राजकीय सभेत टाळ्या घेणारे उत्तर नव्हे. आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी धाकटे यांनी एप्रिल २०२५ मध्ये सप्टेंबरपर्यंत कारण शोधून काढण्याचे वचन दिले होते. विज्ञानाला असा मुहूर्त काढून दिला, की उत्तर त्या मुहूर्तावर येते, पण ते बरोबर असेलच असे नाही.

२२ सप्टेंबरला व्हाइट हाउसमध्ये उत्तर आले : टायलेनॉल. आपल्याकडे क्रोसिन, डोलो या नावांनी घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची गोळी ती हीच. गर्भवतींनी ती घेऊ नये, त्रास सहन करावा, असा उपदेश अध्यक्षांनी वारंवार केला. आश्चर्य असे, की त्याच दिवशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना पाठविलेल्या पत्रात निराळी भाषा होती. काही अभ्यासांत संबंध दिसला असला, तरी गोळीमुळेच स्वमग्नता येते हे सिद्ध झालेले नाही आणि उलट निष्कर्षाचे अभ्यासही आहेत, असे त्यात नमूद होते. एकाच सरकारचा कागद सावध होता आणि व्यासपीठ बेधडक.

'संबंध' आणि 'कारण' यांतील अंतर येथे समजून घेतले पाहिजे. ताप आला म्हणून आईने गोळी घेतली आणि पुढे मुलात स्वमग्नता आढळली, तर दोष गोळीचा, तापाचा, की आनुवंशिकतेचा? हा गुंता सोडविण्यासाठी स्वीडनमधील संशोधकांनी १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण तुलनेत किंचित संबंध दिसला. पण एकाच आईच्या दोन मुलांची, एका गरोदरपणात गोळी घेतलेली आणि दुसऱ्यात न घेतलेली, अशी तुलना केली तेव्हा तो उरला नाही. म्हणजे फरक घराण्यात होता, गोळीत नव्हे. २०२५ मध्ये आलेल्या एका अमेरिकी आढाव्याने ४६ अभ्यास तपासून संबंध असल्याचे म्हटले होते खरे; पण त्याच्या लेखकांनीही गोळी सरसकट बंद करा असे सांगितले नव्हते, जपून वापरा असे सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपीय औषध नियामक यांनी दोन दिवसांत अध्यक्षांच्या सल्ल्याशी असहमती नोंदविली. गरोदरपणातील अंगावर काढलेला ताप हाच गर्भाला अपायकारक ठरू शकतो, आणि त्यावर पॅरासिटामॉलइतका सुरक्षित पर्याय डॉक्टरांपाशी नाही.

पालकांचा आक्रोश खरा आहे. ज्यांचे मूल बोलत नाही, शाळा ज्याला दारातूनच परत पाठवते, त्या आईबापांना 'कारणे अनेक आहेत, संशोधन चालू आहे' हे वाक्य थंड वाटते. म्हणूनच त्यांना घाईचे उत्तर देणे अधिक निर्दयपणाचे ठरते. १९९८ मध्ये ब्रिटनमधील अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवराच्या लशीवर संशय घेतला. 'लॅन्सेट'ने तो निबंध मागे घेतला तो २०१० मध्ये. मधल्या काळात असंख्य पालकांनी लशी टाळल्या आणि संपत आलेला गोवर परतला. निबंध मागे घेता आला, पण लोकांच्या मनातील भीती काही मागे घेता आली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या संकेतस्थळावरील मजकूर बदलून लशी आणि स्वमग्नता यांचा जुना संशय स्वतःच जागा केला. आणि या साऱ्यात एक जुनीच रीत पुन्हा दिसली : मुलाच्या अवस्थेचा दोष आईच्या माथी. विसाव्या शतकाच्या मध्यात आईच्या थंड स्वभावामुळे स्वमग्नता येते, असे विद्वान सांगत. आता स्वभावाच्या जागी गोळी आली.

शब्दांची झडती

तिसरा वाद एका हत्येतून उसळला. १० सप्टेंबर २०२५ रोजी युटा राज्यातील विद्यापीठात उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांची गोळ्या घालून हत्या झाली. सोशल मीडियावर काहींनी या हत्येचा आनंद व्यक्त केला. ते घृणास्पद होते, याविषयी दुमत नसावे. पण त्यानंतर जे घडले, त्यात आनंद मानणारा, टीका करणारा आणि केवळ मतभेद नोंदविणारा यांतील सीमा पुसली गेली. सुक्याबरोबर ओलेही जळाले. अनेक शिक्षक आणि कर्मचारी यांच्या नोकऱ्या गेल्या. संघराज्य दळणवळण आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी जिमी किमेल यांच्या टिप्पणीवरून वाहिनीला उघड इशारा दिला आणि एबीसीने कार्यक्रम थांबविला. प्रेक्षकांच्या संतापानंतर तो सहा दिवसांनी, २३ सप्टेंबरला, पुन्हा सुरू झाला.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिली दुरुस्ती सरकारला नागरिकांच्या बोलण्यावर बंधन घालू देत नाही. खासगी मालकाला मात्र ती लागू नाही. म्हणून सरकारने स्वतः हात न लावता मालकाकडे डोळे वटारले, तरी काम भागते. किमेल यांच्यामागे लाखो प्रेक्षक होते, त्यामुळे ते परतले. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याचे काय?

या प्रश्नाचे उत्तर व्हिसाच्या खिडकीवर मिळते आणि येथे पहिला वाद तिसऱ्याला येऊन मिळतो. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना सोशल मीडियावरील खाती सर्वांसाठी खुली करण्यास सांगण्यात आले. १५ डिसेंबरपासून तीच अट एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसालाही लागली. तपासणीला वेळ लागतो म्हणून भारतातील मुलाखती एकाएकी पुढे, काही तर मार्च २०२६ पर्यंत ढकलल्या गेल्या. शिक्का मारून घेण्यासाठी दोन आठवड्यांकरिता आलेले कर्मचारी महिनोन्महिने इकडेच अडकले. त्यांची नोकरी, मुलांची शाळा आणि घराचे हप्ते मात्र तिकडे होते. कर्क यांच्या हत्येवरील मजकुरामुळे सहा परदेशी नागरिकांचे व्हिसा रद्द केल्याचे परराष्ट्र खात्याने ऑक्टोबरमध्ये जाहीर केले होते. व्हिसा अधिकाऱ्याच्या नकाराविरुद्ध अमेरिकेतील न्यायालये सहसा दाद देत नाहीत. कोणत्या वाक्याने दार बंद होईल हे ठाऊक नसल्याने माणूस सर्वच वाक्ये पुसून टाकतो. जुनी छायाचित्रे, विनोद, एखाद्या मोर्चाला दिलेला पाठिंबा, सारे काही.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि त्या मजकुराला पसंती दिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ रद्द केले. शब्द संदिग्ध असेल, तर कायदा कोणालाही पकडू शकतो, हे त्यामागील कारण होते. दोन तरुणींना न्याय मिळाला तो त्या नागरिक होत्या आणि त्यांच्यापुढे न्यायालयाचे दार होते म्हणून. व्हिसाच्या रांगेतील माणसाला हे दार नाही.

किंमत कोणाची?

तिन्ही वाद शेजारी ठेवले, की त्यांतील साम्य उघड होते. प्रत्येकात मूळ प्रश्न खरा आहे. व्हिसाचा गैरवापर होतो. स्वमग्न मुलांच्या पालकांना उत्तरे हवी आहेत. समाजमाध्यमांवर विखार आहे. सरकारने या प्रश्नांना हात घालू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण खऱ्या प्रश्नाचा आधार घेऊन पुराव्याची आणि नियमाची पायरी गाळली, तर प्रश्न तसाच राहतो आणि त्रास भलत्याला होतो. शुल्काचा धसका मोठ्या कंपनीऐवजी कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला बसतो. गोळीचा अपराधभाव औषध कंपनीला छळत नाही, तो त्या आईला छळतो. झडतीची भीती द्वेष पसरविणाऱ्याला वाटत नाही, कारण तो टोपणनावाने लिहितो. ती साध्या माणसाला वाटते.

या उलट्या क्रमात राजकीय सोय मोठी आहे. घोषणेचे श्रेय त्याच संध्याकाळी मिळते. खुलासे, अपवाद आणि निकाल पुढच्या महिन्यांत आतल्या पानांवर छापून येतात. भारतीय वाचकाला हे वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०१६ मध्ये रात्री आठ वाजता नोटा रद्द झाल्या आणि मार्च २०२० मध्ये त्याच वेळेला टाळेबंदी जाहीर झाली. दोन्ही वेळा मुदत चार तासांची होती. दोन्ही वेळा नियम नंतर आले, आणि दोन्ही वेळा रांगेत किंवा रस्त्यावर उभा राहिला तो ज्याच्यापाशी गाठीला काही नव्हते तोच.

एच-१बीच्या शुल्कामुळे काम भारताकडेच येईल, असा हिशेब इकडे मांडला जातो. त्यात तथ्य आहे. परदेशी कंपन्यांची १,७०० हून अधिक केंद्रे २०२४ मध्येच भारतात होती आणि पुणे हे त्यांचे एक मोठे ठिकाण आहे. परंतु दुसऱ्याच्या लहरीतून मिळालेला फायदा दुसऱ्याच्याच लहरीने जाऊही शकतो. जे आज वॉशिंग्टनच्या एका सहीने इकडे येते, ते उद्या आणखी एका सहीने थांबू शकेल.

अमेरिकेकडे मराठी मध्यमवर्ग गेली तीन दशके ओढला गेला तो केवळ डॉलरसाठी नव्हे. तेथे काम नियमाने होते, रांग पुढे सरकते, ओळखीची गरज पडत नाही, हा विश्वास त्यामागे होता. मुलांना तिकडे पाठविताना आईवडिलांनी घर गहाण ठेवले ते या विश्वासावर. २०२५ मध्ये शुल्काचा आकडा बदलला, गोळीवरचा मजकूर बदलला आणि खात्यांची कुलपे निघाली. हे सारे पुढे-मागे पुन्हा बदलू शकेल. नियम आधी कळतो आणि मग लागू होतो, हा भरवसा मात्र एकदा गेला, की तो परत आणायला खुलासा पुरेसा पडत नाही.